लग्नपत्रिकेवरची दोन गावं

गुहागर-दापोलीकडच्या कितीतरी घरांच्या लग्नपत्रिकेवर गणपतीच्या खाली दोन नावं शेजारी शेजारी छापलेली असतात. कुलस्वामी श्री व्याडेश्वर आणि कुलस्वामिनी श्री योगेश्वरी. व्याडेश्वर गुहागरचा, समुद्राच्या अगदी काठचा. योगेश्वरी मात्र अंबाजोगाईची, म्हणजे आमच्या केजपासून तासाभराच्या आतली. मधे सह्याद्री उभा आणि चारशे किलोमीटरच्या वरचा रस्ता. तरीही मार्गशीर्षात देवीचं नवरात्र बसलं की केजच्या चौकात ‘एमएच 08’च्या गाड्या दिसायला लागतात. रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं चहाला उतरतात, अंबाजोगाई किती राहिलं विचारतात, देवीच्या पाया पडतात, तांबुलाचा प्रसाद घेतात आणि त्याच दिवशी परत फिरतात.

या नात्याची एक गोष्ट आमच्याकडंही सांगतात आणि कोकणातही. परशुरामानं समुद्र हटवून जमीन मिळवली, तिथं माणसं वसवली, पण त्या तरुणांना मुली कोण देणार? तेव्हा जोगाईच्या, म्हणजे योगेश्वरीच्या, गावानं मुली दिल्या. अट एकच घातली, की सासरी गेल्यावर कुलदेवता म्हणून जोगाईलाच पुजायचं. ही आख्यायिका आहे, इतिहास म्हणून मी ती सांगत नाही. पण लहानपणापासून ऐकल्यामुळं माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती, की कोकणातल्या या घरांचं आजोळ आपल्याकडं आहे. लेकीची लेकरं दरवर्षी येतात, आपण मात्र लेकीचं घर कधी पाहिलेलं नाही. म्हणून एका फाल्गुनात मी, नवरा आणि सासूबाई निघालो. बरोबर नव्या ज्वारीचं पीठ, घरची तूरडाळ, येसराच्या मसाल्याची पुडी आणि देवीचा अंगारा घेतला. देवळात ओळख झालेल्या गुहागरच्या एका काकूंनी हक्कानं बोलावलं होतं.

केज, कळंब, बार्शी, पंढरपूर. इथपर्यंतचा रस्ता आमच्या पायाखालचा. पुढं कराडला कृष्णा-कोयनेचा संगम लागतो, पाटण मागं पडतं आणि कोयनानगर येतं. इथं मी गाडी थांबवायला लावली. आमच्या तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण पूर्ण भरलं तर 224 दलघमी पाणी साठतं, म्हणजे जेमतेम आठ टीएमसी. त्यावर केज, धारूर, अंबाजोगाई, कळंब आणि लातूर शहर तहान भागवतं. 2016च्या एप्रिलात ते कोरडं पडलं तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे सगळ्या देशानं पाहिलं. आणि कोयनेतून वीज करण्यासाठी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीपर्यंत पाणी पश्चिमेला वळवायची मुभा आहे. डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून ते खाली उतरतं, टर्बाइन फिरवतं आणि चिपळूणच्या वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. म्हणजे साडेआठ मांजरा धरणं. वीज सगळ्या महाराष्ट्राला लागते, आमच्या मोटारीही त्याच विजेवर चालतात, हे मला कळतं. तरी त्या काठावर उभं राहून केजच्या माणसाला हा हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. सासूबाई बराच वेळ पाण्याकडं बघत होत्या. म्हणाल्या, “एवढं असून आपल्याला कसं गं पुरत नाही?” मला उत्तर देता आलं नाही.

कुंभार्ली घाट उतरताना हवा बदलते. आमच्याकडं फाल्गुनात कातडी तडतडते, ओठ फुटतात. इथं तासाभरात अंगाला ओल जाणवायला लागते, झाडी अंगावर येते आणि माती लाल होते. चिपळूणच्या जवळ डोंगरावर परशुरामाचं देऊळ आहे. 1727 साली जंजिऱ्याच्या सिद्दीच्या माणसांनी ते लुटलं, पुढं धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींनी पुन्हा उभं केलं. खाली वाशिष्ठीची खाडी वळणं घेत पसरलेली दिसते. 2021च्या जुलैत याच नदीनं चिपळूण शहर बुडवलं होतं. बाजारातल्या दुकानदारानं भिंतीवर हात उंच करून पाणी कुठवर आलं होतं ते दाखवलं. त्याचा हात छताच्या जवळ गेला होता.

गुहागर हे लांबट गाव आहे. समुद्राला समांतर एक रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना घरं, घरामागं नारळी-पोफळीची वाडी आणि वाडी संपली की पुळण. वरचा पाट, खालचा पाट अशी वस्तीची नावं. रस्त्यावरून जाताना समुद्र दिसत नाही, फक्त ऐकू येतो. आमच्या गावांत घरं एकमेकांना चिकटून, माळवदाची, बाहेर उंच भिंत आणि आत चौक. इथलं घर जांभ्या दगडाचं, उतरत्या कौलांचं, पुढं अंगण आणि पडवी, सगळं मोकळं. कुंपण म्हणावं तर गडग्याचं, कमरेइतकं. ऊन आणि धूळ बाहेर ठेवायला आम्ही घर बांधतो, ते पाऊस उतरवून द्यायला बांधतात.

काकूंनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पायांवर पाणी घातलं. “अगो, तू जोगाईच्या गावची, म्हणजे माझ्या माहेरचीच की!” असं म्हणून आत नेलं. मी अंगाऱ्याची पुडी दिली तशी त्यांनी ती आधी कपाळाला लावली, मग देवघरात टाकाच्या शेजारी ठेवली. देवीचा मुखवटा त्यांच्या देव्हाऱ्यात चांदीचा होता. सासूबाईंनी तो पाहिला आणि तिथंच बसून राहिल्या. परक्या मुलखात आपल्या गावची देवी भेटली की माणसाला बोलवत नाही.

काकूंच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा ओल्या काजूगरांचं काम पाहिलं. फाल्गुन हा त्यांचा मोसम. हिरवी बी विळीवर उभी चिरायची आणि आतला गर अख्खा काढायचा. सालीतला चीक हाताला लागला की कातडी भाजते. काकूंच्या दोन्ही हातांची बोटं काळी पडली होती, तेलाचा हात लावूनही. आम्ही काजूगरांच्या उसळीचं कौतुक करतो, बाजारात ओल्या काजूचा भाव ऐकून चरफडतो, पण ती काळी बोटं डोळ्यांसमोर येत नाहीत. आमच्या ऊस तोडणाऱ्या बायकांच्या तळव्यांना पाचटानं चिरा पडतात, तशीच ही बोटं आहेत.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक दोघींनी मिळून केला. त्यांनी तांदळाच्या पिठाची उकड काढली, पाण्याचा हात लावून भाकरी थापली, पांढरीशुभ्र आणि मऊ. मी ज्वारीची थापली. नव्या ज्वारीला चिकी चांगली असते, भाकरी पोळपाटाएवढी झाली आणि तव्यावर टम्म फुगली. काकू पाहतच राहिल्या. म्हणाल्या, “आमच्या पिठाला हे जमायचं नाही.” आमच्या कालवणात शेंगदाण्याचं कूट, त्यांच्यात ओलं खोबरं. आमच्याकडं चिंच, त्यांच्याकडं आमसूल. येसराची आमटी मी जरा हात आखडूनच केली, तरी काका दोनदा पाणी प्याले आणि तिसऱ्यांदा आमटी मागितली. एक धान्य मात्र दोन्ही घरांत एकच निघालं. आम्ही हुलग्याचे शेंगोळे करतो आणि थंडीत ओरपतो, त्यांच्याकडं त्याच हुलग्याची, त्यांच्या कुळथाची, पिठी रोजच्या भातावर असते. कमी पाण्याच्या हलक्या जमिनीत येणारं हे गरिबाचं कडधान्य. माळावर आम्ही पेरतो, भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर ते पेरतात.

आणि इथं मला पाण्याबद्दल एक नवीन गोष्ट कळली. आमच्याकडं वर्षाला साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस झाला तरी आम्ही पाटलासारखे फिरतो. दापोली-गुहागरकडं तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पण जांभा दगड पाणी धरत नाही, उतारावरून ते चार महिन्यांत समुद्रात जातं. मग एप्रिल-मेमध्ये खेड, चिपळूण, दापोलीच्या डोंगरातल्या वाड्यांना, धनगरवाड्यांना टँकरनं पाणी द्यावं लागतं. कोकणात टँकर! आमच्या गावात कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणारी बाई मी तिथं पाहिली आणि तिच्या चालीत मला काहीच अनोळखी वाटलं नाही. पाऊस किती पडतो एवढ्यावर माणसाची तहान ठरत नाही. पडलेला पाऊस कुठं मुरतो आणि कुणाच्या वाट्याला येतो, त्यावर ठरते. हे आम्हा मराठवाड्यातल्यांना तोंडपाठ आहे, पण आम्ही ते फक्त आपलंच दुखणं समजत आलो.

आम्ही होतो तेव्हा शिमगा चालू होता. कोकणात शिमगा म्हणजे एका रात्रीची होळी नव्हे. ग्रामदेवतेची रुपी लागते, पालखी सजते आणि देवी स्वतः घरोघर जाते. आम्ही जोगाईच्या पायऱ्या चढून जातो. इथं देवी उंबऱ्याशी येते. दुपारी लांबून ढोलाचा आवाज आला तशी काकूंनी अंगण सारवून रांगोळी घातली. पालखी आली, चौघा-पाचांनी ती खांद्यावर उंच नाचवली, मग पाटावर टेकवली. घरातल्या बायकांनी ओटी भरली. मानकऱ्यानं घरातल्या प्रत्येकाचं नाव घेत गाऱ्हाणं घातलं. मुंबईतला मुलगा, पुण्यातली सून, दुबईतला नातू, सगळ्यांसाठी मागितलं. शेवटी काकूंनी त्याच्या कानात काही सांगितलं आणि त्यानं मोठ्यानं म्हटलं, “आणि ही जी जोगाईच्या गावची लेकरं आली आहेत, त्यांच्या गावाला पाऊसपाणी दे, महाराजा!” जमलेल्या सगळ्यांनी “होय महाराजा” म्हटलं. माझ्या गावच्या पावसासाठी परक्या गावानं देवीकडं मागितल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

आमच्या केज तालुक्यातल्या विडा गावची धुळवड सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. तिथं गावच्या एका जावयाला गाढवावर बसवून, गळ्यात चपलांचा हार घालून मिरवतात आणि शेवटी नवे कपडे व सोन्याची अंगठी देऊन सन्मान करतात. काकूंना ते सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, “जावई येतो तरी तुमच्याकडे. आमच्या वाडीतली निम्मी घरं शिमगा आणि गणपतीपुरतीच उघडतात.”

खरोखर, पालखीबरोबर वाडीत फिरताना मी कुलपं पाहत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी जिल्ह्याची माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली. गावची चूल मनीऑर्डरवर पेटली. 1982च्या संपानंतर गिरण्या संपल्या, पण जाणं थांबलं नाही. चाकरमानी सणाला येतो, पडवी झाडतो, देवीला खांदा देतो आणि पुन्हा कुलूप लावून जातो. आमच्याकडं कुलपं दसऱ्यानंतर लागतात. मुकादमाची उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, तिला आम्ही एक कोयता म्हणतो, मुलाबाळांसह पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यावर जाते. मागं उरतात म्हातारी माणसं आणि शाळेसाठी ठेवलेली काही पोरं. हंगाम संपला की पाडव्याच्या सुमारास गावं पुन्हा भरतात. आमच्या बीड जिल्ह्यातले लोक ऊस तोडायला जातात आणि कोकणातले नोकरीला जातात, असा फरक शहाणी माणसं करतात. कामात फरक आहे, अंगमेहनतीत आणि मानात तर फारच आहे. गिरणीकामगाराला पगारपत्रक होतं, खोली होती, संघटना होती. आमच्या कोयत्याला फडात पाचटाची कोपी असते आणि डोक्यावर उचल. पण गावाला जे सोसावं लागतं ते दोन्हीकडं एकच आहे. ज्या वयाच्या माणसांनी गाव चालवायचं, त्याच वयाची माणसं गावात नाहीत.

गुहागरहून धोपाव्याला आलो आणि फेरीबोटीत गाडी चढवून पलीकडं दाभोळला उतरलो. ही खाडी वाशिष्ठीचीच. दाभोळ आज शांत, उतरणीवरचं छोटं गाव आहे. बहमनी राज्यात ते बलाढ्य बंदर होतं. अरबस्तानातून, इराणातून घोडे जहाजानं इथं उतरत आणि घाट चढून बीदरकडं जात. 1470च्या आसपास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी बीदरला राहून परतताना इथूनच जहाजात बसला. बीदरजवळून वाहणारी नदी आमचीच मांजरा, हे आठवलं आणि दाभोळ मला एकदम जवळचं वाटलं. 1508च्या डिसेंबरात पोर्तुगीज गव्हर्नर आल्मेदानं हे बंदर जाळलं, बायकामुलंही सोडली नाहीत. काठावरची जुनी मशीद अजून उभी आहे. विजापूरच्या घराण्यातली एक स्त्री मक्केला निघाली होती, समुद्र धोक्याचा म्हणून तिला पुढं जाता आलं नाही, तेव्हा यात्रेचं धन तिनं या मशिदीत घातलं, असं गावात सांगतात.

पठार आणि समुद्र यांची ही देवघेव त्याहूनही जुनी आहे. केजहून कळंबमार्गे गेलं की धाराशिव जिल्ह्यातलं तेर लागतं, गोरोबाकाकांचं गाव. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचं नाव तगर होतं. त्या काळच्या ग्रीक भाषेतल्या एका व्यापारी पुस्तकात, ‘पेरिप्लस’मध्ये, तगरहून गाड्यांनी भरुच बंदराला कापड जात असल्याची नोंद आहे. तिथून ते तांबड्या समुद्रातून इजिप्तला आणि पुढं भूमध्य समुद्राच्या काठाला पोचायचं. इटलीतलं पॉम्पेई शहर इसवी सन 79मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडलं गेलं. 1938 साली तिथं उत्खननात एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी जवळचं साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती तेरच्या लामतुरे संग्रहालयात आहे. आम्ही स्वतःला समुद्रापासून लांबचे म्हणवतो, ते अलीकडचं आहे.

हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव पाहिला. होड्या खोल पाण्यात थांबतात आणि मासळी काठाला आणायला बैलगाड्या समुद्रात उतरतात. बैल समुद्रात! लाट पोटाला लागली तरी जनावर बिचकत नव्हतं. गाडीवान दोरी सैल सोडून नुसतं तोंडानं बोलत होता. आमच्याकडं देवणी आणि लालकंधारी बैल नांगराला, ऊसगाडीला. नवऱ्याचं सगळं लक्ष बैलांवर. गाडी काठाला आल्यावर तो जवळ गेला, पाठीवर हात ठेवला, खुरं पाहिली. खाऱ्या पाण्यानं खुरांना काय होतं, वशिंडाला सूज येते का, चारा कुठून आणता, असे प्रश्न त्यानं विचारले. गाडीवानानंही सगळं नीट सांगितलं. खाऱ्या पाण्यातून आल्यावर रोज गोड्या पाण्यानं धुवायचं, खुरं तपासायची. कडबा घाटावरून येतो म्हणाला. शेजारी सुरमई, पापलेट, बांगड्यांचे ढीग, कोळणींची बोली तापलेली, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, आणि हे दोघं शेतकरी बैलाच्या खुरांवर बोलत उभे. रात्री खानावळीत नवऱ्यानं बांगडा खाल्ला. सासूबाई माळकरी, त्यांनी सोलकढी आणि भातावर भागवलं, पण सोलकढी तीनदा घेतली.

परतताना मुरूडला थांबलो. महर्षी कर्वे यांचं हे गाव. परीक्षेला बसायचं म्हणून हा मुलगा इथून सह्याद्री ओलांडून चालत साताऱ्याला गेला आणि वयानं लहान दिसतो म्हणून त्याला परत पाठवलं. पुढं त्यानंच विधवांसाठी आश्रम आणि स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं. आमच्या उसाच्या फडावर आईमागं जाऊन शाळा बुडणाऱ्या मुली आठवल्या. मुरूड-केज असं अंतर मोजायचं तर ते या मुलींपाशी मोजावं लागेल, आणि ते अजून बरंच शिल्लक आहे.

गुहागरहून निघताना काकूंनी माझी ओटी भरली होती. तांदूळ, नारळ, वाडीतल्या पाच सुपाऱ्या. मार्गशीर्षात येऊ म्हणाल्या. त्यांना जे सांगितलं तेच इथं सगळ्या कोकणवासी वाचकांना सांगते. जोगाईला येता, पाया पडता आणि संध्याकाळच्या आत परत फिरता, असं आता करू नका. मुक्काम करा. देवीच्या लग्नाचं वऱ्हाड पहाट होताच जिथं दगड झालं म्हणतात, त्या हत्तीखाना लेण्यातले दगडी हत्ती पाहा. खाली दरीत मुकुंदराजांची समाधी आहे, आठशे वर्षांपूर्वी मराठीत ‘विवेकसिंधु’ लिहिणाऱ्या कवीची. दासोपंतांनी चोवीस हात लांब कापडावर लिहिलेली पासोडी याच गावची. तासाभरावर धारूरचा आदिलशाही किल्ला आहे. मार्गशीर्ष-पौष हा हुरड्याचा मोसम, केजच्या कोणत्याही शेतात आगटी पेटलेली सापडेल आणि हाताला धरून बसवणारी माणसंही. आणि आमच्या माणसांनाही सांगणं आहे. गणपतीपुळ्याला फोटो काढून येण्यापेक्षा शिमग्यात गुहागरला जा. सोबत ज्वारीचं पीठ न्या. त्या घरांत ते मागून घेतात.